वरच्या चौकोनातली फुली

पेग कॅडोगन आयुष्यात चार वेळाच बेट सोडून पलीकडच्या किनाऱ्यावर गेली आणि चारही वेळा तिला बोट लागली. एकदा लग्नाचे कपडे आणायला, एकदा मुलाच्या, म्हणजे जेरच्या वेळी बाळंतपणाला, एकदा नवऱ्याला इस्पितळात भेटायला आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरने मोतीबिंदू काढायला सांगितलं. त्यासाठी आणखी दोनदा यावं लागेल, म्हणाला.

"दोनदा येणं, दोनदा जाणं, म्हणजे चार वेळा ओकणं," पेगने मला सांगितलं. "त्यापेक्षा मी आंधळी बरी."

आणि ती हळूहळू खरोखरच आंधळी झाली. तिला माणसं पावलांवरून कळत. मी दारात आले की आत येण्याआधीच म्हणायची, "या बाई, बसा. डाव्या बुटाचा खिळा वर आलाय तुमच्या."

आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या आमच्या बेटावर तेव्हा सत्तर-बहात्तर मतदार होते. एक शाळा, एक चर्च, एक पोस्ट. शाळा माझे यजमान डोनल चालवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवायची. पोस्ट पेगच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि ते सांभाळायची तिची सून नोरीन. नोरीनचा नवरा जेर, म्हणजे पेगचा एकुलता एक मुलगा, १९६९ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात गेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. चार वर्षं त्याची पत्रं आली, मग बंद झाली. पुढे तिकडून आलेल्या कोणीतरी सांगितलं की त्याचं तिथे दुसरं बिऱ्हाड आहे, तीन मुलं आहेत. ही बातमी पेगच्या घरात कोणी तोंडाने उच्चारली नाही. जेरचा मेणकापडाचा कोट दारामागच्या खुंटीला लटकत होता, तो तसाच लटकत राहिला. दर वर्षी ईस्टरच्या आधी पेग तो खुंटीवरच तेलाने पुसायची.

मॉसी सॉल्टर टपालाची बोट चालवायचा. तो पलीकडच्या किनाऱ्यावरचा, वयाने नोरीनपेक्षा दोन वर्षांनी लहान, एकटा. १९८४ साली त्याने नोरीनला विचारलं. नोरीनने उत्तर दिलं की विचारून उपयोग नाही, देशाची घटनाच आड येते. आणि ते अक्षरशः खरं होतं. आयर्लंडच्या घटनेत घटस्फोटाला बंदी होती आणि आमच्याकडे घटनेतला एक शब्द बदलायचा तरी सगळ्या जनतेला विचारावं लागतं. मॉसीने पुन्हा विचारलं नाही. दर शुक्रवारी टपालाच्या पिशवीबरोबर चार मॅकरेल मासे मात्र तो पेगच्या दारात ठेवू लागला. पेग मासे खायची आणि त्याला 'तो मासेवाला' म्हणायची.

१९८६च्या जून महिन्यात सरकारने जनतेला विचारलं: ही बंदी उठवायची का? हो की नाही?

बेटांवरचं मतदान आधी होतं, कारण हवा बिघडली तर मतपेटी अडकून पडते. आमच्या शाळेत डोनल मतदान अधिकारी होते. पेग आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. ज्याला दिसत नाही त्याची फुली अधिकाऱ्याने मारायची, असा तेव्हाचा नियम होता. मीही बाहेर, भिंतीपाशी उभी. माझ्या शेजारी ब्रायडी मिनिहेन होती. ती म्हणाली, "दार कशाला लावतात? पेगचं मत काय असणार, ते कोंबड्यांनाही ठाऊक आहे." आम्ही हसलो. चर्चचा घटस्फोटाला विरोध, आणि पेग रोज दोन वेळा जपमाळ ओढणारी, चर्चच्या वेदीवरच्या फुलांना दुसऱ्या कोणाला हात लावू न देणारी. शिवाय जेरची आई.

आता इथे ब्रायडीच्या भावाबद्दल, फ्लॉरी मिनिहेनबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यामुळे झालं. फ्लॉरी टॅलीवाला होता. मतमोजणीच्या वेळी शहरातल्या सभागृहात एकेक पेटी टेबलावर उलटी करतात आणि कारकून मतपत्रिका उलगडत जातात. मधे लाकडी कठडा असतो. कठड्याच्या अलीकडे टॅलीवाले वाकून उभे राहतात आणि उलगडणारी प्रत्येक पत्रिका बघून आपल्या कागदावर रेघ ओढतात. त्यामुळे सरकारी आकडा बाहेर पडायच्या आधीच कोणत्या गावाने काय केलं ते त्यांना कळलेलं असतं. मोठ्या गावात त्याने काही बिघडत नाही. पण आमची पेटी त्रेसष्ट मतांची होती. निवडणुकीनंतर फ्लॉरी धक्क्यावर बसून, पाईप झटकत, घराघराचं मत सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही.

त्या वर्षी तो परत आला तो आवाज उतरवूनच बोलला. "बासष्ट 'नाही'. एक 'हो'."

देशाचा निकालही 'नाही' असाच लागला होता, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. तो एक 'हो' कोणाचा? माझ्या त्या आठवड्याच्या डायरीत दुसरा विषय नाही. मी डोनलला विचारलं. ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी शपथ घेतली आहे." मी म्हटलं, बायकोला सांगायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "शपथेत बायकोचा अपवाद नव्हता." पुढे पाच वर्षांनी ते गेले. तोपर्यंत मी त्यांना किती वेळा विचारलं ते डायरीवरून मोजता येईल. मला मोजायचं नाही.

खरं तर विचारायची कोणाला गरजच वाटली नव्हती. सगळ्यांनी नोरीनचं नाव घेतलं. नोरीनने एकदाच, पोस्टाच्या खिडकीतून तिकिटं देताना, मला सांगितलं, "बाई, ते माझं नव्हतं. मी 'नाही'वर फुली मारली. या घरात राहून दुसरं काही करवलं नाही." मी मान हलवली. घरी येऊन लिहिलं: 'न. खोटं बोलते आहे.' कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की डायरीत खोडाखोड करायची नाही, चूक कळली तर समासात लिहायची. ती ओळ अजून तशीच आहे. समासात लाल शाईने १९९५ची तारीख आहे.

बेटावर कोणी नोरीनला उघड काही बोललं नाही. फक्त वेदीची वस्त्रं धुऊन इस्त्री करायची तिची पाळी दुसऱ्या महिन्यापासून यादीतून गेली. ब्रायडी म्हणाली, "तिला पोस्टाचं काम किती असतं, म्हटलं आराम मिळेल." पोस्टात येणारे लोक तिकीट घेऊन निघून जाऊ लागले. आधी बाकावर बसायचे, चहाची वाट बघायचे. नोरीन कोणाशी भांडली नाही. मॉसी मासे ठेवत राहिला, पण धक्क्यावर उभा राहून बोलणं त्याने बंद केलं, तिला त्रास नको म्हणून.

आणि पेग? पेग काहीच बोलली नाही. पण १९८६च्या ऑगस्टमध्ये मी एक वाक्य लिहून ठेवलेलं आहे: 'पेगने चुलीजवळची खुर्ची नोरीनला दिली, स्वतः खिडकीशी वाऱ्यात बसते.' पुढच्या वर्षी: 'पेग दुधावरची साय नोरीनच्या वाटीत वाढते. हाताने चाचपून.' मला वाटलं, म्हातारपण. मला वाटलं, सुनेला माफ केलं असेल. मी बघत होते, टिपत होते, आणि मला काही कळत नव्हतं.

१९९५ साली तोच प्रश्न परत आला. नोव्हेंबरात, शुक्रवारी सगळ्या देशाचं मतदान, आणि आमचं त्याआधीच्या सोमवारी. या वेळी रेडिओवर म्हणत होते की दोन्ही बाजू अगदी बरोबरीने आहेत. मतदान अधिकारी मी होते. डोनल गेल्यावर शाळा माझ्याकडे आली, तशी मतपेटीही आली.

आदल्या आठवड्यात मी पोस्टात गेले. मॉसी पिशवी उतरवून निघाला होता. जाता जाता त्याने इतकंच म्हटलं, "सोमवारी हवा बरी दिसते."

नोरीन म्हणाली, "मी जाणार नाही."

"का?" मॉसी दारातच थांबला.

"फ्लॉरी शनिवारी कठड्यापाशी उभा असणार. एक 'हो' निघाला तर तो माझाच. एकही 'हो' निघाला नाही तर म्हणतील, बघा, घाबरली. मी गेलेच नाही तर जे निघेल ते माझं नसेल. पन्नाशी झाली माझी, मॉसी. आणखी नऊ वर्षं मला कोणाकडे बघून मान खाली घालायची नाही."

"आणि हरलो तर?" मॉसी म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने टोपी चढवली. "एका मताने काय होणार आहे म्हणा."

"तेच तर," नोरीन म्हणाली.

आतल्या खोलीत पेग बसलेली होती. तिचे डोळे गेले होते, कान थोडे जड झाले होते, पण दार उघडं होतं.

सोमवारी सकाळी पोलीस, आमच्या भाषेत गार्ड, आला तो मॉसीच्याच बोटीतून, पेटी घेऊन. गार्ड ट्वोमी हा तरुण, जाडजूड माणूस. मुलांच्या बाकात तो मावेना, म्हणून नकाशाखाली उभाच राहिला. मी शपथ घेतली, त्याने घेतली. फळ्याजवळ लाकडी आडोसा, त्यात एक डेस्क, दोरीला बांधलेली पेन्सिल. दुपारपर्यंत चाळीस मतं झाली.

दोनच्या सुमाराला ट्रॅक्टरचा आवाज आला. मागच्या पेटाऱ्यात उशीवर पेग बसलेली, डोक्याला रविवारचा रुमाल, मांडीवर पर्स. मागून नोरीन चालत येत होती. तिने पेगला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाली, "बाई, यांचं तुम्ही बघा. मी बाहेर थांबते."

"बाहेर कशाला?" पेग म्हणाली.

"आई, ते गुप्त असतं."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर तू हवीस. बाई, नियम काय आहे?"

मी नियम वाचून दाखवला. आता कायदा बदलला होता. ज्याला दिसत नाही त्याने एकतर अधिकाऱ्याची मदत घ्यावी, नाहीतर आपल्या विश्वासाच्या माणसाला सोबत न्यावं.

"मागच्या वेळी तुमच्या यजमानांनी केलं," पेग म्हणाली. "चांगला माणूस. चकार शब्द काढला नाही कुठे. पण या वेळी मला हिचा हात हवाय. चल गं."

नोरीनने माझ्याकडे पाहिलं. मी मतपत्रिका पुढे केली. दुसरं काही करण्याचा मला अधिकारच नव्हता.

दोघी आडोशामागे गेल्या. आडोसा माझ्या टेबलापासून पाच पावलांवर होता आणि कान जड झालेली माणसं हळू बोलत नाहीत.

"वाच काय लिहिलंय."

नोरीनने खालच्या आवाजात वाचलं.

"आणि चौकोन?"

"दोन आहेत. वरचा हो. खालचा नाही."

"मग वरच्यात मार फुली."

मग नोरीन म्हणाली, "आई, वरचा म्हणजे हो. तुम्हाला खालचा म्हणायचंय."

"मला काय म्हणायचंय ते मला कळतं. मागच्या वेळीही वरचाच होता."

गार्ड ट्वोमी छताकडे बघू लागला. मी उरलेल्या पत्रिका मोजायला घेतल्या. पहिल्यांदा तीस आल्या, दुसऱ्यांदा चौतीस.

"ते तुम्ही होतात?" नोरीन म्हणाली.

"हळू बोल. गुप्त मतदान आहे."

"नऊ वर्षं, आई. नऊ वर्षं मी… तुम्हाला एक शब्द सांगता आला नाही?"

"नाही आला." पेगचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला, पण खोलीत तिसरा आवाज नव्हता. "मी तोंडाने बोलले असते तर जेर परत येणार नाही हे मी बोलले असते. त्याच्या आईने. कागदावर जमलं, मास्तरांनी फुली मारली, कागद दुमडला, संपलं. घरी आल्यावर तो कोट समोर. मग नाही जमलं. मला वाटलं होतं खूप जण 'हो' म्हणतील, त्यात माझं एक मिसळून जाईल. एकटंच निघालं. तुझ्या अंगावर गेलं ते मी बघत बसले. म्हणजे, ऐकत बसले."

"आणि आता?"

"आता तू त्या मासेवाल्याला सांगत होतीस की मी जाणारच नाही. माझ्यामुळे. मार फुली. नीट मार, चौकोनाच्या बाहेर नको, नाहीतर बाद करतील."

पेन्सिलीची दोरी डेस्कवर घासल्याचा आवाज आला. दोनदा, एकदा एकीकडून, एकदा दुसरीकडून.

पेगने स्वतःच्या हाताने पत्रिका पेटीत टाकली. फट सापडेना म्हणून गार्ड ट्वोमीने तिचं मनगट धरून दाखवली आणि म्हणाला, "मी काही ऐकलं नाही आजी." पेग म्हणाली, "या वयात? तपासून घे."

नोरीन टेबलापाशी उभी राहिली. डोळे पुसले नव्हते, पुसण्याची तिला आठवणही नव्हती. "बाई, माझं नाव यादीत आहे ना?"

"क्रमांक सात," मी म्हटलं.

ती आडोशामागे एकटी गेली आणि लवकर बाहेर आली.

संध्याकाळी मी पेटीला लाख लावून शिक्का मारला. मॉसीने ती उचलून बोटीत ठेवली आणि सरकू नये म्हणून दोन्ही पायांच्या मधे धरली. आपल्या पायांत काय आहे ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. "जड आहे का?" मी विचारलं. "मागच्या वेळेएवढीच," तो म्हणाला. डोनल इतकी वर्षं काय घेऊन जगले ते मला त्या धक्क्यावर कळलं.

शुक्रवारी देशाने मत दिलं. शनिवारी रेडिओ दिवसभर चालू होता. आकडा कधी इकडे, कधी तिकडे. संध्याकाळी कळलं की बंदी उठली, फरक नऊ हजारांच्या आसपासचा. सगळ्या देशात मिळून. मी दिव्याखाली बसून तो आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. माझी उत्सुकता मात्र आमच्या पेटीत अडकली होती. फ्लॉरी रविवारी येणार होता.

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर सगळे चर्चच्या आवारात उभे होते. फ्लॉरीने खिशातून कागद काढला. "आपली पेटी," तो म्हणाला. "बावन्न मतं. एकोणपन्नास 'नाही'. तीन 'हो'."

त्यातली दोन कोणाची ते मला ठाऊक होतं.

ब्रायडी नोरीनकडे बघत म्हणाली, "मागे एक होतं, आता तीन. पसरतंय म्हणायचं."

नोरीनने पेगचा हात धरला होता. मला वाटलं ती तिला घेऊन निघेल. पण पेग हलली नाही. ती ब्रायडीच्या आवाजाच्या दिशेने वळली, थोडी चुकून, त्यामुळे बोलली ती फादरांच्या सायकलीकडे बघून.

"ब्रायडी, त्यातलं एक माझं. शहाऐंशीचंही माझंच होतं. वस्त्रांची पाळी काढायची तर माझी काढ. मला दिसत नाही तेव्हा इस्त्रीने जाळीनच एखादं, कारणही मिळेल तुला."

फादर दारात आले होते. ते म्हणाले, "पेग, असं आवारात…"

"बाकीचं कबुलीत सांगेन फादर. इथे थंडी आहे."

फ्लॉरी आपल्या कागदाकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं तो घराघराचं मत सांगत आला होता आणि शहाऐंशीला त्याने नोरीनचं नाव शपथेवर सांगितलं असतं. त्याने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी घातली. ब्रायडीने विचारलं, "आणि उरलेली दोन?"

"मला वाचता येत नाहीत," तो म्हणाला. त्यानंतर तो धक्क्यावर कधी मतं सांगायला बसला नाही. तिसरं मत कोणाचं, याचा शोध बेटाने बरीच वर्षं घेतला. फ्लॉरीही तिथलाच मतदार होता, मीही होते. माझं मी सांगणार नाही. शपथ माझ्याही मताला लागू आहे, असं मी धरून चालते. पेगचं सांगते आहे कारण ते तिने स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं.

त्याच दुपारी नोरीनने मला चहाला बोलावलं. मॉसी आला होता, रविवारी, माशांशिवाय. टोपी गुडघ्यावर धरून तो दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"किती दिवस लागतील?" पेगने विचारलं.

"कायदा व्हायला वर्ष-दीड वर्ष. मग कोर्ट," नोरीन म्हणाली.

"मी थांबेन," मॉसी म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? तुला थांबायची सवय आहे. मी ब्याऐंशीची आहे." पेगने बशी चाचपून खाली ठेवली. मला तिच्या बोटांकडे बघवेना. या एका फुलीने तिने काय सोडलं होतं ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. नोरीन पलीकडे गेली तर या घरात कोणी उरणार नव्हतं. "एक सांगून ठेवते. लग्न झाल्यावर तू हिला तिकडे नेशील, आणि मग महिन्यातून एकदा म्हातारीला न्यायला बोट पाठवशील. मला बोट लागते. तेव्हा तूच इकडे राहायला ये."

मॉसीने नोरीनकडे पाहिलं. नोरीन चुलीकडे वळली आणि किटली हलवू लागली, किटली तर भरलेलीच होती.

"येईन," मॉसी म्हणाला.

पेग उठली. भिंतीला हात लावत दारामागे गेली आणि जेरचा कोट खुंटीवरून काढला. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदाच खाली आला. तिने दोन्ही खिसे आत हात घालून तपासले. एकात वाळू होती, शिवणीत बसलेली. ती तिने तळहातावर घेतली, बोटाने चोळली, आणि कुठे टाकावी ते न कळून आपल्याच एप्रनच्या खिशात टाकली.

"हा घालून बघ," ती म्हणाली.

मॉसीने घातला. खांद्यात घट्ट झाला, बटणं लागेनात.

"होत नाही," तो म्हणाला.

पेगने दोन्ही हातांनी त्याचे खांदे चाचपले, मग पाठ, मग बाह्या. बराच वेळ. "नाही होत," ती म्हणाली. "काढ. येताना तुझा घेऊन ये. खुंटी मोकळी आहे."